बुरैद्यातली भरती-ओहोटी

आमच्या घरात समुद्राचं नाव काढायचं ते फक्त शरफूनं. दुसऱ्या कुणी काढलं की ती उठून आत जाते. आणि स्वतः मात्र रोज काढते. आता बोला!

शरफुन्निसा माझी बायको. मी यासीन, बुरैद्याच्या खजूरबाजारात एका वखारीत प्रतवारीवर देखरेख करतो. एकतीस वर्षं झाली, हातात घेतलेला सुक्करी खजूर कुठल्या बागेतला ते मी डोळे मिटून सांगतो. त्याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही. पण शरफूपुढे माझी विद्या म्हणजे पोरखेळ.

बुरैदा सौदीच्या ऐन पोटात. कुठल्याही दिशेला निघा, समुद्र गाठायला गाडीनं सहा-सात तास लागतात. चहूकडे वाळू, खजुराच्या बागा, उन्हाळ्यात अठ्ठेचाळीस डिग्री. अशा गावात लग्नानंतर दोन वर्षांनी मी हिला आणली, आणि आल्या आल्या चौथ्या दिवशी तांदळाच्या भाकऱ्या थापता थापता ही म्हणते, "भरती लागली."

"कुठं?"

"खाडीत."

"अगं बाई, इथं नळाला पाणी नाही, आणि तुला भरती लागली?"

तिनं भाकरी उलटली. आमची खाडी म्हणजे दाभोळची. मी तिच्या एका काठावरच्या गावचा, शरफूही त्याच गावची, आमच्या घरांच्या मधे मशीद आणि चार माड. तिथल्या बायका ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचतात, खडकावरची कालवं फोडतात. आणि ओहोटी कधी लागणार, हे काढायची एक जुनी रीत आहे. चांदाची तारीख, म्हणजे नवा चांद झाल्यापासूनचा कितवा दिवस, ती घ्यायची, त्यात एक मिळवायचा, आणि त्याची पाऊणपट करायची. तो भरतीचा तास. त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी तळाला. चांद दहा असेल तर अकरा, अकराचे पाऊणपट सव्वाआठ. झालं! ना पंचांग लागतं, ना पोथी. शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या पोरी उभ्या उभ्या बोटांवर काढतात.

शरफू बुरैद्यात बसून एकोणतीस वर्षं तेच करते आहे. गावचा चांद कितवा, हे फोनवर भावाला विचारून घेते, इथल्या कॅलेंडरकडे ढुंकूनही पाहत नाही. सकाळी चहा टाकताना एकदा, तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजानंतर एकदा. "उतरायला लागली." "आता तळाला." मोहल्ल्यातल्या पोरींना ती कुराण शिकवते, त्या पोरीही आता विचारतात, खाला, पानी किधर है? एकदा मला राहवलं नाही. तिनं "भरली" म्हटल्याबरोबर मी गावी चुलतभावाला फोन लावला. तो धक्क्यावरच होता. म्हणाला, "आत्ताच भरून थांबलंय. का रे?" दोन हजार मैलांवरून, चहूकडे वाळू, आणि हिच्या डोक्यात खाडी मिनिटाला मिनिट हलते आहे! मी फोन ठेवला आणि तिच्याकडे बघतच राहिलो. ती कोथिंबीर निवडत होती.

आता तुम्हाला वाटेल, बाईला समुद्राचं वेड. तसं असतं तर फार बरं झालं असतं.

शरफूला एक मोठी बहीण होती, ताजुन्निसा. ताजू अठरा वर्षांची, लग्न ठरलेलं, सासरकडून मनगटी घड्याळ आलेलं. शरफू चौदाची. सत्त्याऐंशी साल, मे महिना संपत आलेला, ईद, म्हणजे चांद एक, होऊन दोन दिवस झालेले. रोज्यांच्या महिन्यात घरातल्या बायका खाडीत उतरल्या नव्हत्या, त्यामुळे सगळ्यांना तिसऱ्यांची तल्लफ आलेली. ताजूनं टोपली उचलली आणि विचारलं, "शरफू, ओहोटी कितीला?" हिशोबात शरफूचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं. ती म्हणाली, "चांद तीन, एक मिळवला की चार. चार पाऊणे तीन. म्हणजे भरती दुपारी तीनला, तळाला नऊ. दहापर्यंत बिनघोर वेच."

ताजू खाडीच्या मधल्या वाळूच्या दांड्यावर गेली. दांडा आणि काठ यांच्यामधे एक खोल चर आहे, पाणी फिरलं की आधी तो चर भरतो आणि माणूस मागच्या मागे अडकतो. पाणी दहाच्या कितीतरी आधीच फिरलं होतं. ताजूला पोहता येत नव्हतं. दुपारी ती सापडली, तेव्हा घड्याळ चालू होतं.

घरात कुणी शरफूला एक शब्द बोललं नाही. सगळं तिनंच स्वतःला ऐकवलं. लग्नानंतर आठवडाभरानं तिनं मला सांगितलं, "मी मोजायला चुकले. कुठं चुकले ते सापडत नाही." तेव्हापासून ती रोज मोजते आहे. आणि पाण्यात पाय घालत नाही. जेद्दाला गेलो की पोरगी समुद्राकडे धावायची आणि ही गाडीत पाठ करून बसायची. हे मी आमच्या पोरीलाही कधी सांगितलं नव्हतं. पोरीला एवढंच ठाऊक की एक खाला, म्हणजे मावशी, होती, ती वारली.

आमची पोरगी उझमा. रियाधला एका ऑफिसात कामाला आहे, इथेच जन्मली, इथेच शिकली, मराठी कळते पण उत्तर इंग्रजी, हिंदी, मराठीची खिचडी करून. यंदा जानेवारीत एका शुक्रवारी, जुम्म्याला, ती आली, जेवणं झाली, आणि तिनं लॅपटॉप उघडून फर्मान काढलं. "अब्बा, अम्मी, ईद के बाद यू आर गोइंग ऑन अ हॉलिडे. दस दिन. नो गाव, नो मक्का-उमरा. प्रॉपर हॉलिडे."

मी म्हटलं, "मला काय झालंय?"

"सब तय है. बस जगह चुननी है. दोन जागा आहेत."

एक कॉर्नवॉल, इंग्लंडचं नैर्ऋत्येचं टोक. दुसरी ब्रिटनी, फ्रान्सची समुद्रात घुसलेली सोंड. दोन्हीकडे म्हणे एकाच कुळीचे जुने लोक, केल्टिक म्हणतात त्यांना. दोघांच्या जुन्या भाषा सख्ख्या बहिणी, दोन्हीकडे खडक, मासेमार, वारा, आणि मधे एक खाडी म्हणावी एवढाच समुद्र. मी म्हटलं, म्हणजे आपलं रत्नागिरी आणि रायगड. एकमेकांच्या मच्छीच्या कालवणाला नावं ठेवत असतील. एकाला ब्रिटनचा व्हिसा लागतो, दुसऱ्याला युरोपचा. पासपोर्ट एकच, तो एकाच ठिकाणी द्यायचा. रविवारपर्यंत सांगा.

मी पोरीला डोळ्यांनी खुणा करत होतो. अगं, डोंगर दाखव, बर्फ दाखव, समुद्र कशाला? पण उझमाला काय कळणार! तिला वाटलं, अम्मी कोकणातली, सारखी भरती-ओहोटी करते, तिला समुद्रच हवा असणार. मी म्हणालो सुद्धा, "तिला नाही आवडत पाणी. दुसरं बघ."

शरफू ताटं उचलत होती. वाटलं, आता उठून आत जाणार. पण ती थांबली, आणि तिनं विचारलं, "तिथं भरती केवढी?"

उझमानं फोटो काढले. आधी कॉर्नवॉल. छोटंसं बंदर, दगडी धक्का, पाणी ओसरलेलं आणि होड्या चिखलात कुशीवर निजलेल्या. समुद्रात एक टेकडीवजा बेट, ओहोटी लागली की त्याच्याकडे जाणारी दगडी वाट पाण्यातून वर येते आणि माणसं चालत जातात. शरफू खाली वाकली. धक्क्याच्या भिंतीवर जिथवर ओल चढली होती तिथं तिनं बोट ठेवलं. "तीन पुरुष पाणी," ती म्हणाली.

उझमानं शोधलं. साडेपाच मीटर. मी तोंडात बोट घातलं.

मग ब्रिटनी. इथं फोटोत समुद्र नव्हताच. नुसती ओली वाळू, क्षितिजापर्यंत, आणि तिच्यावर माणसांचे ठिपके. शरफूनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. जवळून बघितलं तर ते ठिपके म्हणजे बायका-पुरुष, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, एका हातात छोटा दाताळा, दुसऱ्या हातात बादली. तिसऱ्या वेचत होते! गोऱ्या बायका, आपल्यासारख्याच कमरेत वाकलेल्या, चिखलात हात घातलेल्या. शरफूचा श्वास मला ऐकू येत होता.

"ह्या लोकांना चालतात तिसऱ्या?" मी म्हटलं. इथल्या आमच्या हैदराबादी शेजाऱ्यांना शिंपल्यातलं काही चालत नाही, आम्ही कोकणी शाफई पंथाचे, आम्हाला सगळं चालतं. त्यावरून वर्षानुवर्षं टोमणे ऐकतो आम्ही. पण माझ्या विनोदाकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"किती उतरतं पाणी?" शरफूनं विचारलं.

"बारा मीटर, अम्मी. मोठ्या भरतीला त्याहून जास्त."

शरफूनं हिशोब केला. मग हळूच म्हणाली, "सात पुरुष." आणि मग, "सुभानल्लाह." चार मजली घराएवढं पाणी, दिवसातून दोनदा चढायचं आणि दोनदा उतरायचं! आमच्या खाडीला दीड-दोन पुरुष पाणी, आणि तेवढ्यानं आमची माणसं गिळली. मी त्या वाळूकडे बघत राहिलो, माझी मान आपोआप खाली गेली. बनवणाऱ्यानं काय काय बनवून ठेवलंय आणि आम्ही वखारीत खजूर मोजत बसलोय.

"एवढं पाणी," शरफू म्हणाली, "आणि बायका आत जातात?"

"टाइमटेबल असतं ना," उझमा म्हणाली. "धक्क्यावर फळा लावलेला असतो. दुकानात पुस्तिका मिळते. वर्षभराचं, मिनटों के साथ."

शरफूला हे पटेना. तिनं लगेच बोटं काढली. ईदेनंतरची पौर्णिमा घेतली, पाऊणपट केली, म्हणाली, भरती बाराला. उझमानं पडद्यावर बघितलं. ब्रिटनीत सकाळी आठच्या सुमारास. कॉर्नवॉलला सहा-साडेसहा. शरफू थक्क झाली. चांद तोच, पाणी तेच, आणि तास वेगळा? उझमानं समजावलं, प्रत्येक किनाऱ्याचं घड्याळ वेगळं, किनाऱ्याच्या वळणावर असतं, सगळं मशीन मोजतं. आपली रीत आपल्याच किनाऱ्याला लागू.

"म्हणजे आपली रीत आपल्याकडे खरी आहे ना?" तिनं विचारलं. आवाज बदलला होता. मला कळलं, बाई कुठे चालली आहे. माझी पाचावर धारण बसली.

"हो, अम्मी."

"हे मशीन मागचंही दाखवतं?"

"एनी डेट. शंभर वर्षांपूर्वीचं पण."

"दाभोळ घाल," शरफू म्हणाली. "तीस मे. सत्त्याऐंशी."

"शरफू, राहू दे," मी म्हणालो. "गेलं ते गेलं." ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. उझमानं माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, काहीतरी मोठं आहे एवढं तिला कळलं. तिनं टाइप केलं.

अडतीस वर्षांपूर्वीची ती सकाळ पडद्यावर आली. एक निळी रेघ, वर जाणारी, खाली येणारी. मला वाटलं होतं, असलं काही माणसाला बघता येत नसेल. ते पाणी कधीच वाहून गेलं, तो चिखल राहिला नाही, ताजू राहिली नाही, आणि त्या सकाळची ओहोटी इथं बुरैद्यात आमच्या सुफऱ्यावर, जेवायला अंथरलेल्या कापडावर, मिनिटासकट उभी होती.

उझमानं वाचलं. "लो टाइड, एट टेन. आठ दहा. हाय टाइड, दुपारी दोन सतरा."

शरफूनं "नऊ" सांगितलं होतं.

ओढणीचं टोक तिनं मुठीत धरलं. मग म्हणाली, "म्हणजे मीच." एवढंच. रडली नाही. तिचा चेहरा असा झाला, जसं काही अडतीस वर्षं कोर्टात बसून आज निकाल ऐकला. उझमानं विचारलं, "अम्मी, क्या हुआ?" तेव्हा शरफूनंच तिला सांगितलं, पहिल्यांदा, सगळं, सरळ आवाजात. ताजू, टोपली, चांद तीन, चार पाऊणे तीन. पोरगी आईला बिलगली.

आणि मी? माझ्या डोक्यात आकडे फिरत होते. नवातून आठ दहा गेले, पन्नास मिनिटं. तीनातून दोन सतरा गेले, पाऊण तास. पाऊण तास म्हणजे चांदाचा बरोब्बर एक दिवस. हिचा गुणाकार चुकला नव्हता. हिची रीत चुकली नव्हती. तारीखच एकानं पुढे होती. त्या दिवशी चांद तीन नव्हता, दोन होता.

तारीख कशी पुढे गेली? आणि तिथं मी पडद्यावरून नजर काढली.

त्या वर्षी एकोणतिसाव्या रोज्याला आभाळ भरलेलं होतं. चांद कुणाला दिसला नाही. मशिदीत बुजुर्ग म्हणत होते, तिसावा रोजा धरू. आणि माझ्या भावानं, हाशमनं, मदिनेहून मोठा रेडिओ पाठवलेला होता, गावात तसला दुसरा नव्हता. मी वीस वर्षांचा, मिसरूड फुटलेलं, अरबीचे चार शब्द येत होते तर उंटावरचा शहाणा झालो होतो. रियाध लावलं, ईद ऐकलं, रेडिओ डोक्यावर घेऊन मशिदीत धावलो. "चांद झाला! मक्का-मदिनेत ईद, आणि आपण रोजा धरणार?" पोरांनी आरडाओरडा केला. बुजुर्गांचं काही चाललं नाही. गावानं सौदीच्या चांदानं ईद केली, बाकीच्या कोकणाच्या एक दिवस आधी. माझी केवढी वाहवा झाली! आज इथं राहून मला ठाऊक आहे, इथला चांद आपल्याकडच्यापेक्षा बहुतेक एक दिवस पुढे असतो. लहान पोरालाही ठाऊक आहे. आणि अडतीस वर्षांत ही गोष्ट आणि ताजूची गोष्ट मी एकत्र ठेवून बघितली नव्हती. एकदाही नाही.

गप्प बसता आलं असतं. खरं सांगतो, एक क्षण मी बसलोही. कुणाला कळलं असतं? पण शरफू पोरीला म्हणत होती, "तुझ्या खालाला मी मारली," आणि ते मला ऐकवेना.

"शरफू," मी म्हणालो, "तू नाही चुकलीस. चांद चुकीचा होता. गावानं त्या वर्षी एक दिवस आधी ईद केली. रेडिओवर ऐकून."

ती बघत राहिली. तिची बोटं हलली. दोन, त्यात एक, तीन. तिनाचे पाऊणपट सव्वादोन. पडद्यावर दोन सतरा. माझ्या डोळ्यांसमोर तिचा चेहरा उलगडत गेला, मला वर बघवेना.

"रेडिओ कुणाचा होता?" तिनं विचारलं. तिला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"माझा," मी म्हणालो. "मीच धावलो होतो."

ती उठली, आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, बराच वेळ. मी सुफऱ्यावरचे भाताचे कण वेचत बसलो. असा ओशाळवाणा मी आयुष्यात झालो नव्हतो, आणि तरी छातीत कुठंतरी वाटत होतं, सुटली. ती तरी सुटली.

शरफू तोंड धुऊन बाहेर आली. डोळे लाल. माझ्यासमोर बसली.

"अडतीस वर्षं," ती म्हणाली. "रात्रंदिवस मी बोटं मोजली. त्यातली एकोणतीस तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात. हसत होतात."

"हो."

"माझ्या बहिणीनं त्या दिवशी नऊ वाजता घड्याळ बघितलं असेल, आणि म्हणाली असेल, शरफू म्हणाली म्हणजे अजून तास आहे." इथं तिचा आवाज फुटला. "माझ्यावर भरवसा ठेवून ती उभी राहिली हो."

मला रडू आवरलं नाही. मी माफी मागितली, हात जोडले. तिनं ना माफ केलं म्हटलं, ना नाही म्हटलं. तिनं लॅपटॉप ओढला आणि ती ओली वाळू पुन्हा पडद्यावर आणली. बादल्या घेतलेल्या त्या बायका. बराच वेळ ती त्यांच्याकडे बघत होती, कुराण शिकताना लहान पोरी बघतात तशी, एकटक.

"उझमा," ती म्हणाली, "ही जागा. बारा मीटरची."

"अम्मी, आर यू शुअर? कॉर्नवॉल इझ सेफर. पानी कम है."

"हीच. त्या पौर्णिमेच्या दिवसांतली. मला बूट घे, आणि बादली. मी आत जाणार, त्या बायका जातात तिथवर."

मग ती माझ्याकडे वळली.

"तुम्ही काठावर उभं राहायचं," ती म्हणाली. "फळा वाचायचा, नीट, दोनदा. आणि मला वेळेत हाक मारायची."

मी म्हटलं, मारीन.